पगार वेळेवर, नोकरी कायम, तरी मन का लागत नाही?

आकडेमोड:
विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवतो. नोकरीची चिंता नाही. तरी निम्मं सत्र तक्ते भरण्यात जातं. तीच माहिती तीन वेगवेगळ्या नमुन्यांत. मध्यंतरी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. "सर, व्हेरियन्स काढताना एन वजा एकनेच का भागायचं?" व्हेरियन्स म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, एन म्हणजे आकडे किती ते. फळ्यावर तीन आकडे मांडले. सरासरी आधीच ठरली असेल तर दोनच आकडे मनासारखे बदलता येतात, तिसरा आपोआप ठरतो, हे तिचं तिलाच सापडलं. त्या दिवशी कामाचा कंटाळा म्हणून आला नाही. बढतीने असं काही होतं का? की माझं दुखणंच वेगळं आहे?

व्यवस्थापनवाले:
वेगळंच आहे. मानसशास्त्रज्ञ हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1959 मध्ये हेच मांडलं: पगार, धोरणं, वरिष्ठांची वागणूक बिघडली की माणूस कुरकुरतो, सुधारली की कुरकुर थांबते, इतकंच. समाधान येतं ते प्रत्यक्ष कामातून, जबाबदारीतून, कुणीतरी दखल घेतल्यातून. तुमची विद्यार्थिनी या दुसऱ्या खात्यातली. अर्थात त्यांनी मुलाखती घेतल्या त्या अभियंते आणि हिशेबनीसांच्या, प्राध्यापकांच्या नव्हेत. शिवाय चांगलं झालं की श्रेय स्वतःला आणि बिघडलं की दोष व्यवस्थेला, ही माणसाची खोड त्या उत्तरांत उतरली असणार, हा आक्षेप आहेच.

कंत्राटी:
कायम असलेल्यांना ही वाटणी पटते. मला पुढच्या सत्राचं पत्र येईल की नाही ठाऊक नसतं, म्हणून तीन वर्षं लागतील असा संशोधनाचा प्रश्न मी हातातच घेत नाही. झटपट निबंध होईल असाच घेतो. म्हणजे असुरक्षितता नुसती कुरकुर वाढवत नाही, मी काय काम करायचं तेही तीच ठरवते. वर्गात मलाही मजा येते हो, पण त्या मजेवर किती दिवस राबवून घेणार?

आकडेमोड:
@कंत्राटी, पटलं. मी नोकरी गृहीत धरूनच प्रश्न विचारला होता.

जुना खडू:
डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ माणसाच्या मनाच्या तीन गरजा सांगतात: स्वायत्तता, आपल्याला जमतंय ही जाणीव, आपुलकीची माणसं. आकडेमोड, तुमची पहिली गरज अडली आहे असं दिसतं. बढतीचा अर्ज भराच, पण त्यातून बहुधा समित्याच वाढतील. त्याआधी एक ऐच्छिक विषय मागून घ्या. अभ्यासक्रम तुम्ही आखायचा, प्रश्नपत्रिकाही तुम्हीच काढायची. आणि कंत्राटींना त्यात सोबत घ्या, पण मानधनासकट.