पहिलं शिखर: फ्रेंडशिप की युनाम? उंचीची सवय करून घेण्याबद्दल मदत हवी आहे

मंडळी,

मी आणि माझा भाचा, दोघांचंही हे पहिलंच शिखर असेल. आतापर्यंत खिंडींचे ट्रेक केलेत, पण क्रॅम्पॉन (बर्फावर चालायला बुटांना लावायचे धातूचे काटे) लावून कधी चाललेलो नाही. सध्या दोन नावं डोळ्यांसमोर आहेत: मनालीजवळचं फ्रेंडशिप (५२८९ मीटर), नाहीतर लाहौलमधल्या बारालाचा ला खिंडीपलीकडचं युनाम. भाच्याचा जीव युनाममध्ये अडकलाय, कारण ते सहा हजारांच्या वर आहे आणि वाट बरीचशी दगडधोंड्यांची. मला मात्र त्या उंचीचीच धास्ती वाटते.

फ्रेंडशिपला सोलंग खोऱ्यातून पायी चढत जायचं, आधी बकरथाचचा मुक्काम, मग लेडी लेगचा कॅम्प. शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळतो. युनामला गाडीच वर नेऊन सोडते. आयोजकांकडून आम्हाला आलेल्या कार्यक्रमात एक रात्र जिस्पा, साधारण ३२०० मीटर, आणि दुसऱ्या रात्री थेट भरतपूर, साडेचार हजारांच्या वर! तीन हजारांनंतर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असं सांगितलं जातं. आयोजकांना फोन करून विचारलं तर "सगळ्यांना जमतं हो" एवढंच उत्तर मिळालं. मला ते पटलेलं नाही.

काळजीला कारणही आहे. हामटा खिंडीच्या ट्रेकला बालू का घेराच्या मुक्कामी भाचा जेवला नाही, बुटाची नाडी हातात धरून नुसता बसून राहिला. "मावशी, डोकं ठणकतंय फक्त," म्हणाला. लीडरनं त्याला पुढे जाऊ दिलं नाही. खाली उतरवल्यावर पोरगा तासाभरात नीट बोलायला लागला.

युनाम केलेल्यांनी कृपया सांगा, जिस्पा आणि भरतपूरच्या मध्ये कुठे थांबला होतात? पत्सेव किंवा झिंगझिंगबारला मुक्काम करून वर गेलं तर कितपत फरक पडतो? दिवसा बारालाचापर्यंत जाऊन रात्री झोपायला खाली येणं कुणी केलंय का? भाच्याला सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे डायमॉक्सबद्दल (उंचीचा त्रास टाळायची गोळी) डॉक्टरांना विचारणारच आहोत. पण गोळी न घेता, नुसतं सावकाश चढून जमवलेलं कुणी असेल तर तो अनुभव जरूर लिहा.

फ्रेंडशिपबद्दलही एक शंका आहे. लेडी लेगहून शिखरापर्यंत जवळजवळ चौदाशे मीटरची चढाई एका दमात करायची, की मध्ये आणखी एक कॅम्प लावता येतो? बर्फावर घसरल्यावर आइस अ‍ॅक्स रोवून स्वतःला थांबवणं एका दिवसाच्या सरावात खरंच हातात बसतं का? की आधी उत्तरकाशीच्या निमचा (नेहरू गिर्यारोहण संस्था) २८ दिवसांचा बेसिक कोर्सच करावा? भाच्याला ते शक्य आहे, मला एवढी रजा मिळणं कठीण.

आगाऊ रक्कम महिनाअखेर भरायची आहे. त्याआधी कुणी आपल्या रोजच्या मुक्कामांची ठिकाणं उंचीसकट लिहिलीत तर फार उपकार होतील.