नातवाचा बाप्तिस्मा आणि घरातला वाद

सदरची आजी:
आम्ही सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, सून कॅथलिक, धाकटी बहीण बाप्टिस्ट. नातू अजून पालथाही पडत नाही. सून म्हणते, बाप्तिस्म्यातच लेकराला देवाची कृपा मिळते, मग उशीर कशाला? बहीण म्हणते, ज्याला आई सोडून कोणी ओळखू येत नाही तो विश्वास काय ठेवणार? बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात कृपाही आहे अन् विश्वासही. मग बाळाचं काय करायचं? पाळकांना विचारलं तर म्हणाले, दोन्ही चालतं. ही काय भाजीवरची कोथिंबीर आहे का, घातली तरी चालते, नाही घातली तरी चालते!

जुना हिस्लॉपवाला:
ताई, पाळकांनी टाळलं नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरातच सहा मंडळ्या, म्हणजे वेगवेगळी प्रोटेस्टंट चर्चेस, मिळून सीएनआय झालं. त्यात बाळांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, तसे जाणत्यांनाच देणारे बाप्टिस्टही. वाद मिटला नाही, दोन्ही रीती ठेवल्या. माझ्या मते शहाणपणा केला.
बहीणही कृपा नाकारत नाही. तिच्या लेखी बाप्तिस्मा ही आधीच मिळालेल्या कृपेची साक्ष. सुनेच्या लेखी कृपा बाप्तिस्म्यातूनच येते. कृपेची सुरुवात देवाकडून, हे दोघींनाही मान्य. खरी जुंपली ती प्रोटेस्टंटांमध्येच, माणूस कृपेला नको म्हणू शकतो का यावर. धर्मसुधारक कॅल्विनच्या वाटेने जाणाऱ्यांनी १६१८-१९ च्या हॉलंडमधल्या डॉर्टच्या सभेत ठरवलं, देवाने निवडलेल्याला कृपा शेवटी नाकारता येत नाही. मेथडिस्ट पंथाचा मूळपुरुष वेस्ली म्हणे, कृपा येते सगळ्यांकडे, पण परतवता येते. आपल्या मंडळीत दोघांचेही वारस एकाच बाकावर बसतात, अन् बहुतेकांना ते ठाऊकही नसतं.

नागपूरकर मल्याळी:
आमच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाळाला त्याच दिवशी बाप्तिस्मा, पवित्र तेलाचा अभिषेक आणि प्रभुभोजनसुद्धा (भाकर-द्राक्षारसाचा प्रसाद). समजण्याची वाट कोणीच पाहत नाही.

मोहननगरचा:
सुनेशी तर तुमचा वाद उरतच नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गला आम्ही कॅथलिक आणि मार्टिन लुथरच्या परंपरेतले लुथरन यांनी मिळून सही केली की देव आपल्याला केवळ कृपेनेच स्वीकारतो, आपल्या पुण्याईमुळे नाही. मेथडिस्ट २००६ मध्ये सामील झाले. आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने दिलेला बाप्तिस्मा आम्ही कॅथलिक पुन्हा देत नाही. कुठल्याही चर्चमध्ये घ्या.

सदरची आजी:
सुनेच्या चर्चमध्ये केला तर बहीण धर्ममाता (गॉडमदर) होऊ शकेल?

मोहननगरचा:
धर्ममाता नाही. पण सोबत एक कॅथलिक धर्मपिता किंवा धर्ममाता असेल, तर बहीण साक्षीदार म्हणून उभी राहू शकते. फादरना आधी सांगून ठेवा. आणि बहिणीलाही विचारा बरं, ती तयार आहे का ते!