तुमच्या गावचा कॅफे किती बदलला? गोव्यातले अनुभव लिहा

आपला कॅफे म्हणजे पातळ भाजी, पाव, मिरची भजी आणि चहा; कॉफी मागणारा विरळाच. पणजीच्या कॅफे टाटोने तर शंभरी ओलांडलीय. आता जिकडे तिकडे एस्प्रेसो मशीन आलंय. तुमच्याकडे काय झालं ते मोकळेपणी लिहा.

पणजीहून:
जुन्या कॅफे भोंसलेत खुर्ची रिकामी दिसली की बसायचं, समोर कोण आहे ते बघायचं नाही. सचिवालयातला शिपाई असो नाहीतर वकील, पेपरची पानं वाटून घ्यायची आणि खाता खाता सरकारला शिव्या घालायच्या. नव्या कॅफेत चार खुर्च्यांच्या टेबलावर एकटा माणूस लॅपटॉप उघडून तासन्‌तास, आणि आपण दारात ताटकळत. बसू का विचारलं तर असा बघतो जसा काय मी त्याच्या बेडरूममध्ये शिरलोय.

आसगावहून:
आमच्या वस्तीतलं पोर्तुगीज काळातलं घर कॅफे झालं, संध्याकाळी गाड्यांमुळे स्कूटर काढता येत नाही. पण माझी पुतणी तिथंच कॉफी बनवायला शिकली, पगार वेळेवर मिळतो, त्यामुळे नुसती नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

मोरजीहून:
रशियन पाट्या आम्ही कधीपासून बघतोय, त्याचं काही वाटत नाही. पण २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि जागेची भाडी अजूनच चढली. नाक्यावरच्या चहावाल्याला जागा सोडावी लागली. तिथं आता सावरडो, म्हणजे आंबवलेल्या पिठाचा ब्रेड मिळतो, आणि त्याच दारावरून आपला पाववाला पोदेर भोंपू वाजवत पोंप पोंप करत पुढे जातो!

फोंड्याहून:
सगळं बाहेरच्यांवर ढकलू नका हां. आमच्या बाजारातला कॅफे चालवायला माणूस नाही म्हणून बंद पडला. मालकाच्या पोराचे आजोबा १९६१ च्या आधी, पोर्तुगीज राजवटीत गोव्यात जन्मलेले, त्या जोरावर त्याने पोर्तुगीज पासपोर्ट केला आणि गेला इंग्लंडात स्विंडनला. बाप एकटा भाजी शिजवणार की गल्ला सांभाळणार?

मडगावहून:
कॉफी चांगली असते हे कबूल, चिकमंगळूरचं ताजं भाजलेलं बी कुठे आणि आमची उकळलेली पावडर कुठे. पण एका कॅपुचिनोच्या पैशात घरातल्या सगळ्यांचा भाजीपाव होतो. त्यात २०२५ च्या सुरुवातीला जगाच्या बाजारात अरेबिका कॉफीचा भाव विक्रमी चढला, म्हणजे बिल काय खाली येणार नाही. पोरगी म्हणते बाबा, तिकडे एसी आहे. यावर काय बोलणार, मे महिन्यात मीच आधी चप्पल घालतो.