मदत हवी आहे: इंटरनेटच्या फायबरची वायर हॉलमध्ये न दिसता आत कशी घ्यायची? (ठाणे)

तेजू_घोडबंदर
उद्या सकाळी फायबरवाला येतोय, त्यामुळे लवकर सांगा प्लीज. आज एक मुलगा येऊन बघून गेला. म्हणे मेन डोअरच्या वर भोक पाडतो, चौकटीवरून वायर खाली घेतो आणि स्कर्टिंगवरून क्लिपा मारत मारत टीव्हीपर्यंत नेतो. काळी वायर! पांढऱ्या स्कर्टिंगवर! इंटेरियर आत्ता आत्ता झालंय, कारपेंटरचे पैसे अजून फिटायचेत. दुसरा काही मार्ग नाही का विचारलं तर म्हणाला, "मॅडम, सगळ्यांकडे अशीच टाकतो."
वायर दिसायला नको आणि भिंत फोडायची नाही. काय करू?

चहाबाज
ताई, सगळं लिहिलंत, फक्त कामाचं तेवढं राहिलं. बिल्डिंग जुनी की नवी? भिंती विटांच्या की काँक्रीटच्या? फॉल्स सीलिंग आहे? बाहेर डक्ट कुठे आहे? घर स्वतःचं की भाड्याचं? कुठली कंपनी?

तेजू_घोडबंदर
स्वतःचंच हो, भाड्याच्या घरात इंटेरियर कोण करतं? कासारवडवलीच्या पुढे नवीन टॉवर, १९ वा मजला. कंपनीचं नाव राहू दे, इथे भांडणं नकोत. भिंती कसल्या ते माहीत नाही, पण खिळा जात नाही. फॉल्स सीलिंग हॉलमध्ये आहे, पॅसेजमध्ये नाही. डक्ट म्हणजे लिफ्टशेजारचं ते लोखंडी दार का?

नेरूळचे_आजोबा
आमच्याकडे सिडकोच्या इमारतीत सगळे वायर झाकायची प्लास्टिकची केसिंग पट्टी मारतात. कोपऱ्यातून नेली आणि भिंतीचाच रंग दिला की दोन दिवसांनी कोणाचं लक्षही जात नाही. उगाच भोकं पाडत बसू नका. आम्ही टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसलो होतो, तेव्हा वायर कुठून येते हे कोणी विचारलं नाही, आली याचाच आनंद. पेढे वाटले होते.

तेजू_घोडबंदर
काका, पट्टी दिसतेच ना. तीच तर नकोय.

वायरमन_नौपाडा
खिळा जात नाही म्हणजे मायवान. ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात, वीट औषधालाही नसते. त्यात कोणी "झिरी मारून देतो" (म्हणजे वायरीसाठी भिंतीत खाच पाडून देतो) म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्या भिंती भार घेतात आणि झिरीने सळईवरचं काँक्रीट कापलं जातं. पण याचाच एक फायदा आहे. अशा बिल्डिंगमध्ये नंतर पाइप टाकता येत नाहीत म्हणून ओतायच्या आधीच टाकून ठेवतात. वीज वेगळी, आणि टीव्ही, टेलिफोन, इंटरकॉम वेगळे. लिफ्टशेजारच्या त्या लोखंडी दाराआडून तुमच्या घरात एक पाइप नक्की आला असणार. इंटरकॉमची प्लेट उघडा आणि आत किती पाइपांची तोंडं दिसतात ते सांगा. टीव्हीमागे डिशच्या वायरीचा पॉइंट आहे का तेही बघा.

मेश_मास्टर
एवढा खटाटोप कशाला? मोडेम दाराशीच बसवा आणि मेशचे (वायफाय एकमेकांकडून पुढे पोहोचवणारे) दोन डबे घ्या, एक हॉलमध्ये, एक बेडरूममध्ये. माझ्याकडे खारघरला तसंच आहे, घरात एक वायर नाही.

चहाबाज
@मेश_मास्टर, खारघरला तुमच्या भिंती विटांच्या असतील. इथे सळईवालं काँक्रीट आहे. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल तिथे एका भिंतीतच निम्मा दम टाकतो. २.४ जरा बरं जातं, पण टॉवरमध्ये शेजारपाजारचे पंचवीस वायफाय त्याच पट्ट्यात गर्दी करून असतात. मेशच्या डब्यांना आपसात बोलायला आत लॅनची वायर असेल तरच मजा. म्हणजे फिरून वायरच आली.

मेश_मास्टर
तुम्ही वापरलंय का कधी? की वाचून बोलताय?

चहाबाज
वापरलंय, परत केलंय.

तिरकस
सगळ्यात सोपं सांगतो. विजेचा पाइप प्रत्येक खोलीत जातो ना, त्यातूनच ढकला. फायबर म्हणजे काच, काचेतून करंट जात नाही. झालं काम.

वायरमन_नौपाडा
@तिरकस, काचेतून जात नाही, पण ड्रॉप वायरीत (घरात आणतात ती फायबरची वायर) नुसती काच असते का? काचेच्या दोन्ही बाजूंना ताकदीसाठी तारा असतात, त्या बऱ्याचदा पोलादी. पाइपात एखाद्या विजेच्या वायरीचं इन्सुलेशन सोललं गेलं तर ती तार जिवंत होते आणि करंट थेट मोडेमच्या टोकाशी येतो. शिवाय विजेचे पाइप आधीच ठासून भरलेले असतात, खेचताना जुन्या वायरी सोलवटतात. तुमच्या घरी करा, लोकांना सांगू नका.

तिरकस
पोलादाऐवजी एफआरपीची (काचतंतू घातलेल्या प्लास्टिकची) दांडी असलेली ड्रॉप वायर मिळते. ती मागवा.

वायरमन_नौपाडा
मागवा म्हणे. तो मुलगा खांद्यावर जे बंडल घेऊन येईल तेच टाकणार. उद्या सकाळी त्याला एफआरपी म्हणालात तर तो ऑफिसला फोन लावेल, ऑफिस म्हणेल उद्या बघू, आणि ताई पुन्हा इथे धागा काढतील.

सीवूड्सची_सई
दिसत नाही अशी फायबरही असते, कोणी सांगितलंच नाही! पारदर्शक, जेमतेम एक मिलिमीटर जाड, छतालगतच्या कोपऱ्यात गोंदाने चिकटवतात. माझ्या बहिणीने लावली. दोन फुटांवरून बघितलं तरी कळत नाही.

चहाबाज
असते, पण इथे किती इन्स्टॉलर ठेवतात? शिवाय तिच्यावर जाड कवच नसतं, झाडू किंवा जाळ्याची काठी लागली की संपलं. रंगकाम निघालं तर रंगारी तिला जाळं समजूनच पुसेल.

बॅकबेंचर
प्लॅन कुठला घेताय? १०० एमबीपीएस पुरे होतो घरी. फोर-के सिनेमालाही साधारण २५ पुरतात. ३०० वगैरे विकायला बसलेत, पडू नका.

तेजू_घोडबंदर
प्लॅन ठरलाय, पैसेही भरलेत. वायरीबद्दल बोला ना कोणीतरी.
@वायरमन दादा, इंटरकॉमची प्लेट उघडली. मागे गोल डबा आहे, त्यात तीन पाइपांची तोंडं. एकात इंटरकॉमची बारीक वायर, एकात जाडी काळी वायर, एक रिकामा. रिकाम्यात टॉर्च मारला तर आत सिमेंट दिसतंय. डिशचा पॉइंट टीव्हीमागे होता, पण कारपेंटरने त्यावर पॅनल मारलंय. त्यातून काळ्या वायरीचं टोक बाहेर काढून ठेवलंय, बास. डिश आम्ही लावलीच नाही.

हक्काची_गोष्ट
खरं म्हणजे हा बिल्डरचा प्रश्न आहे. इमारतींना डिजिटल जोडणीचं रेटिंग द्यायचे नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढले आहेत. सोसायटीने पाठपुरावा करायला हवा. आपण ग्राहक म्हणून जागे कधी होणार?

तिरकस
रेटिंग मिळेपर्यंत ताईंनी मोबाइलवर हॉटस्पॉट लावावा का?

वायरमन_नौपाडा
ताई, काम झालं तुमचं. सिमेंट भरलेल्या पाइपाचा नाद सोडा, ओतताना पातळ सिमेंट आत गेलंय, तो गेलाच. ती जाडी काळी वायर म्हणजे कोॲक्स, डिश-केबल टीव्हीची. इंटरकॉमच्या डब्यात आणि टीव्हीच्या पॅनलमधून बाहेर आलेली वायर एकच आहे का बघा. एकीकडून हळूच ओढा, दुसरीकडे हलली पाहिजे. हलली तर तीच तुमची दोरी. तिच्या टोकाला फायबर बांधायची आणि दुसरीकडून कोॲक्स ओढून काढायची. पॅनल उघडायला नको, क्लिपा नकोत.
कनेक्टर ओढून झाल्यावरच बसवायला सांगा. नुसती चपटी ड्रॉप वायर तीन बाय दोन मिलिमीटरची असते, सहज जाते. टोकाला कनेक्टर असेल तर वळणावर अडकलाच.

चहाबाज
फायबर पाइपात घालू नका. मोडेम दाराशी ठेवा, चपलांच्या कपाटात वगैरे, आणि कोॲक्सच्या जागी पाइपातून कॅट-सिक्स (लॅनची वायर) ओढा. उद्या कंपनी बदललीत तर नवी फायबर फक्त दारापर्यंतच आणायची. लॅनची वायर १०० मीटरपर्यंत चालते, घरात कुठेही पुरते. फक्त शुद्ध तांब्याची घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर दुकानदार बिनदिक्कत कॅट-सिक्स म्हणून देतात.

वायरमन_नौपाडा
चपलांच्या कपाटात प्लग पॉइंट असतो का हो? आणि बंद कपाटात मोडेम तापतो.

चहाबाज
बेल आणि इंटरकॉमच्या आसपास पॉइंट बहुतेक असतो. कपाटाला जाळीच्या फटी ठेवायच्या.

तेजू_घोडबंदर
चपलांच्या कपाटाला बाहेरून पूर्ण आरसा आहे. चालेल?

चहाबाज
नाही चालणार. आरशामागे धातूचा थर असतो, वायफाय तिथेच अडखळतं. मग वायरमन म्हणतात तसं करा. मात्र फायबरबरोबर एक नायलॉनची दोरीही आत सोडून द्या. पुढे कधी वायर बदलायची झाली तर दोरीवाचून पाइप असून नसल्यासारखा.

वायरमन_नौपाडा
+१ दोरीला. एवढ्यावर आपलं जमलं.
आणखी एक. वळणावर वायर दाबून मोडू देऊ नका. घरात वापरायच्या चांगल्या प्रतीच्या फायबरला (जी ६५७ ए२ म्हणतात) ७.५ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळण चालतं, पण त्या मुलाच्या हातात कुठली आहे ते तुम्हाला कळणार नाही. म्हणून टीव्हीमागे उरलेली वायर गुंडाळाल तर बांगडीएवढा तरी वेढा ठेवा, रबरबँड लावून चुरगळू नका. जोडणी झाली की पॉवर मीटरवर (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचा जोर मोजतात तो) किती दाखवतो ते विचारा. उणे १५ ते उणे २५ डीबीएममध्ये असेल तर निश्चिंत. उणे २७ च्या पलीकडे गेला तर त्याला सोडू नका, नंतर पावसाळ्यात मोडेमवर सिग्नल नसल्याचा लाल दिवा बघत बसाल.

नेरूळचे_आजोबा
हे सगळं करण्यापेक्षा पट्टी दहा मिनिटांत झाली असती. माझं मत सांगितलं.

बॅकबेंचर
मोडेमला छोटा यूपीएस घ्या. १२ व्होल्टचा मिळतो. लाइट गेली तरी नेट चालतं.

तेजू_घोडबंदर
टॉवरला जनरेटर आहे. पण धन्यवाद.
कोॲक्स हलली!! नवऱ्याने इंटरकॉमकडून ओढली, मी टीव्हीपाशी बसले होते, टोक इंचभर आत गेलं. पुन्हा बाहेर ओढून ठेवलंय.

(दुसऱ्या दिवशी)

तेजू_घोडबंदर
अपडेट. मुलगा आला, पाइप दाखवला तर म्हणाला, पाइपातून ओढणं आमच्या कामात येत नाही, इलेक्ट्रिशियन बोलवा. मग सोसायटीचा इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने फायबर आणि दोरी एकत्र कोॲक्सच्या टोकाला चिकटपट्टीने गुंडाळली, वर टॅल्कम पावडर चोळली. एका वळणावर अडकली होती, उलट थोडी मागे घेतली आणि मग सरळ आली. मोडेम टीव्ही युनिटच्या बाजूच्या खणात बसलाय. मीटरवर उणे २१ दाखवलं, मुलगा स्वतःच खूश झाला. लिफ्टकडून इंटरकॉमच्या डब्यापर्यंतचा पाइपही मोकळा निघाला, त्यामुळे दारावर भोक नाही.
आतल्या बेडरूममध्ये मात्र वायफाय मरगळलेलं आहे.

मेश_मास्टर
🙂

तेजू_घोडबंदर
हसू नका. बेडरूमचं नंतर बघू, तिथेही एक टेलिफोनचा पॉइंट दिसतोय.

सीवूड्सची_सई
इलेक्ट्रिशियनने किती घेतले? आमचं सीवूड्सचं काम पडलंय तसंच.

तेजू_घोडबंदर
५०० म्हणाला, ३०० वर तुटलं. कोॲक्स मात्र तोच घेऊन गेला.

वायरमन_नौपाडा
नेऊ द्या. आत तांबं असतं.