आमदारकीतून राज्यसभेत: मतांचं गणित नेमकं कसं बसतं?

कोथरूडकर:
मेधा कुलकर्णी आधी नगरसेविका, २०१४ ला कोथरूडच्या आमदार. २०१९ ला तिकीट कापलं गेलं आणि २०२४ ला त्या राज्यसभेवर बिनविरोध गेल्या. म्हणजे आमदारकी हातात असावी लागत नाही, हे उघड आहे. पण महाराष्ट्रातल्या २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीचा निकाल समजत नाही. शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मतं, भाजपच्या धनंजय महाडिकांना २७, आणि निवडून आले महाडिक. कसं काय?

मुठाकाठ:
आमदार मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. प्रत्येक मताचं मूल्य १०० धरतात. वैध मतं २८४ होती, म्हणजे २८,४००. जागा सहा, म्हणून सातने भागायचं, अपूर्णांक सोडायचा आणि एक मिळवायचा: ४,०५८. हा कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारं मूल्य.

भाजपचेच पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं, म्हणजे ४,८००. कोट्यावरचे ७४२ दोघांकडेही शिल्लक. ही शिलकी मतं मतपत्रिकेवरच्या पुढच्या पसंतीकडे जातात. ती सगळी महाडिकांकडे वळली असं धरा: १४ हून जास्त मतांची भर, २७ चे झाले ४१ च्या वर. पलीकडे, पवारांच्या महाविकास आघाडीत, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१. तिघांची शिल्लक मिळून सहाच्या आसपास. पवार ३९ लाच अडकले.

म्हणून उमेदवाराची लोकप्रियता इथे दुय्यम. आपल्या पक्के निवडून येणाऱ्यांना पहिल्या पसंतीची किती मतं द्यायची आणि दुसरी पसंती कुणाला, हे ज्यांनी नीट बसवलं त्यांची जागा येते.

पर्वतीपायथा:
एक भर. मतदान फक्त निवडून आलेले आमदार करतात, विधान परिषदेचे नाही. मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी आपल्याच पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. दुसऱ्या कुणाला दाखवली तर मत बाद. २०२२ ला शिवसेनेचे आमदार सुहास कांदे यांचं मत निवडणूक आयोगाने बाद ठरवलं, म्हणून २८५ ऐवजी २८४. पसंती आकड्यातच लिहायची आणि अधिकाऱ्याने दिलेल्याच पेनाने. हरियाणात २०१६ ला वेगळ्या शाईपायी मतं बाद झाली आणि निकालच फिरला.

पक्षाविरुद्ध मत दिलं तरी त्यामुळे आमदारकी जात नाही, पक्षांतरबंदी इथे लागू नाही. पक्ष हकालपट्टी करू शकतो, तेवढंच.

डेक्कन_जिमखाना:
विद्यमान आमदार निवडून आला तर एक तारीख जपायची. राजपत्रात नाव आल्यापासून १४ दिवसांत आमदारकीचा राजीनामा द्यायचा. नाही दिला तर जाते ती संसदेची जागा, आमदारकी नव्हे! अनेकांचा समज नेमका उलटा असतो. आणि पोटनिवडणुकीतून गेलेल्याला सहा वर्षं मिळत नाहीत, आधीच्या सदस्याची उरलेली मुदतच मिळते.

अर्जासाठी वय ३० पूर्ण हवं, विधानसभेतल्या निवडून आलेल्या आमदारांपैकी दहा टक्के किंवा दहा आमदार यांपैकी जे कमी तेवढे सूचक, अनामत दहा हजार. महाराष्ट्राचाच मतदार असण्याची अट २००३ पासून नाही.

तिथे गेल्यावर विधानसभेची सवय मोडावी लागते. लक्षवेधी सूचना मांडून जिल्हाधिकाऱ्यांना कामाला लावणं तिथे होत नाही. पोलीस, जमीन, महापालिका हे राज्याचे विषय, त्यांवरचे प्रश्न दाखलच होत नाहीत. पुण्याचं काय विचारता येतं? मेट्रोतला केंद्राचा वाटा, विमानतळ, रेल्वे, कॅन्टोन्मेंट, संरक्षण खात्याच्या जागा. खासदार निधी वर्षाला पाच कोटी, आणि राज्यातला कुठलाही जिल्हा निवडता येतो. लोकसभेच्या खासदाराला मतदारसंघ सांभाळावा लागतो, इथे ती सोय मोठी आहे.

कोथरूडकर:
कोटा समजला. पसंतीची वाटणी मतदानाच्या किती आधी ठरते?

मुठाकाठ:
आदल्या रात्रीपर्यंत बदलते. आमदार हॉटेलात ठेवतात ते याचसाठी, कुणी कुठला आकडा कुणापुढे लिहायचा हे शेवटी तिथेच सांगितलं जातं.