मधुमेहावरचा उपाय दवाखान्यात की शेतात? हीला नदीकाठच्या पिमा लोकांवरून चर्चा

पाटकरी
ॲरिझोनात, फिनिक्सच्या दक्षिणेला हीला नदीच्या काठी आकिमेल ओओदम लोक राहतात. वैद्यकाच्या पुस्तकांत ते ‘पिमा’ म्हणून भेटतात, तेही बहुधा एकाच ओळीत: जगात सर्वाधिक मधुमेह असलेला समाज. १९६५ पासून अमेरिकी सरकारचे संशोधक त्यांची साखर मोजत आले. पस्तिशी ओलांडलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना मधुमेह निघाला. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी १९६२ साली ‘काटकसरी जनुका’ची कल्पना मांडली होती. दुष्काळात तगायला चरबी साठवणारं शरीर सुबत्तेत आजारी पडतं, असं तिचं सार. ती या लोकांना चिकटली ती कायमची.

माझ्या मते यात नदी विसरली जाते. हे लोक शतकानुशतकं पाट काढून मका, भोपळा, टेपरी नावाचं कडधान्य पिकवत, पुढे गहूही. सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला निघालेले तांडे यांच्याकडून धान्य विकत घेत. १८७० नंतर वरच्या अंगाला वसलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी पाणी वळवलं. पात्र कोरडं पडलं, उपासमार झाली, आणि पुढे सरकारी धान्य आलं: मैदा, चरबी, साखर. मैद्याची तळलेली जाड पोळी आज ‘पारंपरिक’ म्हणून खातात, ती त्या वाटपाच्या मैद्यातली.

याच लोकांचे भाऊबंद मेक्सिकोत मायकोबा या डोंगरी गावात राहतात, अभ्यास झाला तेव्हा ते हाताने शेती करत. २००६ साली छापून आलेल्या तुलनेत त्यांच्यात मधुमेह ६.९ टक्के, ॲरिझोनात ३८ टक्के. म्हणून ‘कमी खा, चालत राहा’चे फलक लावण्याआधी पाणी, जमीन आणि काय पिकवायचं याचा निर्णय त्यांच्या हाती द्या.

किडनीवॉर्ड
असहमत. इतिहास खरा आहे, पण पाणी शेतात येऊन ताटात पोचेपर्यंत ज्याची किडनी निकामी होत चालली आहे त्याचं काय करायचं? अमेरिकेतल्या मूलनिवासी प्रौढांमध्ये मधुमेहामुळे किडनी निकामी होण्याचं प्रमाण १९९६ ते २०१३ या काळात ५४ टक्क्यांनी घटलं. नदी वाहू लागली म्हणून नाही. १९९७ साली अमेरिकी संसदेने मूलनिवासींच्या मधुमेहासाठी वेगळा निधी सुरू केला. लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी बिघडू लागली की लघवीत उतरणारं प्रथिन) नियमित तपासलं गेलं, किडनी वाचवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळेत सुरू झाल्या, आणि डॉक्टर, परिचारिका, आहारतज्ज्ञ, समाजातलेच आरोग्य कार्यकर्ते एकाच रुग्णाच्या मागे लागले.

मी रोज डायलिसिसच्या खुर्च्या भरलेल्या बघतो. आठवड्यातून तीनदा चार-चार तास सुईला जोडून बसलेल्या माणसाला शंभर वर्षांपूर्वी कुणी पाट अडवला हे सांगून त्याचा दिवस हलका होत नाही.

आणि मायकोबाचा आकडा पूर्ण द्या. त्याच गावातल्या पिमा नसलेल्या शेजाऱ्यांमध्ये मधुमेह २.६ टक्केच होता. रक्तात काही नाहीच, असं म्हणू नका.

पाटकरी
डॉक्टर, अभ्यासात ते दोन आकडे एकमेकांच्या जवळचेच धरले आहेत. रक्तात काही नाही असं मी म्हणतही नाही. पण ६.९ वरून ३८ वर नेलं ते रक्ताने नव्हे. आणि तुम्ही सांगता तो निधी मोठ्या प्रमाणात जमातींच्याच हाती गेला, कार्यक्रम त्यांनी आपापल्या पद्धतीने आखले. ते यश माझ्याच बाजूने बोलतं.

रोखठोक_सातारा
दोघेही माणसाला निव्वळ पीडित ठरवताय. मधुमेह आमच्या घरातही आहे, कुणी आमची नदी पळवली नाही. साखर वाईट हे आता शाळेतल्या पोरालाही कळतं. अमेरिकेतल्याच नवाहो या दुसऱ्या मूलनिवासी लोकांनी काय केलं बघा. २०१४ साली त्यांच्याच सभेने वेफर्स, कोल्ड्रिंक असल्या मालावर २ टक्के जादा कर बसवला आणि ताज्या भाजी-फळांवरचा विक्रीकर काढला. स्वतःहून! याला म्हणतात जबाबदारी घेणं.

पाटकरी
नवाहोंचं उदाहरण चांगलं आहे, पण ते एकट्यादुकट्याच्या मनोनिग्रहाचं नाही, स्वतःचा कायदा करता येण्याचं आहे. त्यांचा प्रदेश महाराष्ट्राच्या जवळपास चौथ्या हिश्श्याएवढा, आणि भाजीपाला मिळेल अशी मोठी दुकानं अवघी डझनभर. पेट्रोलपंपावर जे मिळतं ते माणूस खातो. १९८४ साली केरिन ओडे यांचा अभ्यास आला. पश्चिम ऑस्ट्रेलियातले मधुमेह असलेले दहा मूलनिवासी सात आठवडे आपल्या जुन्या मुलखात शिकार-मासेमारीवर राहिले. वजन सरासरी आठ किलो उतरलं, साखर बरीच खाली आली. माणसं तीच होती.

रोखठोक_सातारा
सात आठवडे कुणीही राहील हो. आठव्या आठवड्याला दुकान आहेच. तिथे हात आखडणार कोण?

चँडलरकर
मी फिनिक्सजवळ चँडलरला राहतो, पिमांची हद्द आमच्या गावाला लागून आहे. पाणी परत मिळालंय. २००४ च्या कायद्याने त्यांना वर्षाला साडेसहा लाख एकर-फूट पाण्याचा हक्क दिला. टीएमसीत मोजलं तर अठ्ठावीसच्या वर, म्हणजे खडकवासला साखळीतली चारही धरणं भरतील जवळपास एवढं. पण रस्त्याने जाताना दिसतं काय? कापूस आणि जनावरांचा चारा अल्फाल्फा, नजर पोचेल तिथवर. काही पाणी शहरांना भाड्यानेही दिलं जातं. टेपरी पिकवणारे आहेत, पण थोडे. हे उन्हाळ्यात कमी पाण्यावर येणारं कडधान्य, चवीला मातकट-गोडसर, शिजायला चिवट. रात्रभर भिजवूनही मंद आचेवर तासन्‌तास लागतात. दोन पाळ्या करून आलेली बाई ते रोज कधी शिजवणार? पाणी आलं म्हणजे ताट बदललं, असं होत नाही.

पाटकरी
मान्य, म्हणून तर मी पाण्यासोबत ‘काय पिकवायचं याचा निर्णय’ म्हणालो. टेपरी शिजवून शाळेच्या आणि दवाखान्याच्या जेवणात द्या. मागणी तिथूनच उभी राहील.

किडनीवॉर्ड
याला माझा विरोध नाही. २००२ साली आलेल्या मोठ्या अमेरिकी चाचणीत आहार-व्यायामाने मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन या गोळीने ३१. मूलनिवासी लोकही त्यात होते. पण त्या आहार-व्यायामामागे प्रत्येकाला स्वतंत्र मार्गदर्शक होता, सततच्या भेटी होत्या. पैसा तिथे लागतो. तो पाण्याच्या वादात अडकू नये, एवढंच म्हणणं आहे.

जव्हारची_ताई
मी पालघरच्या डोंगरी भागात आरोग्याचं काम करते. वरची चर्चा वाचून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या. नागली-वरईची जागा आमच्याकडे रेशनच्या तांदळाने घेतली. तांदळाने भूक भागली हे मोठंच काम झालं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण पोरं आता नागलीच्या भाकरीला ‘काळी’ म्हणून नाकं मुरडतात. दुसरं म्हणजे, आमचे पेशंट जाडे नाहीतच. हडकुळ्या माणसाची साखर तीनशे निघते आणि हातातल्या सरकारी पत्रकावर ढेरपोट्याचं चित्र असतं. तो म्हणतो, हे माझं नाही.

आणि परक्याच्या हाती रक्त देण्याची भीती लोकांना का वाटते, तेही समजून घ्या. ॲरिझोनातल्याच हावासुपाई लोकांनी १९९० च्या सुमारास मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं, आणि विद्यापीठाने ते स्किझोफ्रेनिया, स्थलांतर अशा भलत्याच संशोधनाला वापरलं. २०१० साली भरपाई देऊन नमुने परत करावे लागले. आमच्याकडे कुणी नुसतं बोट टोचून निघून गेला, रिपोर्ट सांगायला परत आलाच नाही, तर पुढच्या शिबिराला पाडा रिकामा असतो.

डॉक्टर, एक विचारायचं होतं. सिकलसेलवाल्यांचा (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, कधीकधी चांगला येतो आणि माणूस मात्र तहानेने हैराण असतो. मग धरायचं काय?

किडनीवॉर्ड
ताई, त्यांच्यात एचबीए१सीवर विसंबू नका. तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसू शकतो. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर बघा, लघवीतलं अल्ब्युमिन वर्षातून एकदा तरी तपासा, आणि रिपोर्ट तुम्ही स्वतः पाड्यावर जाऊन सांगा. हडकुळ्या पेशंटला वजन उतरवायचा सल्ला देऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिनची गरज असू शकते.