इंग्रजी वाक्यात मधेच आलेला तुकडा: स्वल्पविराम एक, दोन की एकही नाही?

खाडीकाठ, मालवण
होमस्टेच्या पाहुण्यांसाठी इंग्रजीत एकपानी माहितीपत्रक करतोय, उद्या छपाईला द्यायचंय. गाडी स्वल्पविरामावर अडली आहे. मोबाइल एकदा घाल म्हणतो, एकदा काढ म्हणतो.
क. सिंधुदुर्ग, बिल्ट ऑन कुरटे आयलंड इज ओपन टू व्हिजिटर्स.
ख. गेस्ट्स हू बुक फॉर मे, मस्ट पे हाफ इन ॲडव्हान्स.
ग. द सी इज काम, हाउएव्हर, द बोट इज नॉट रनिंग.

मुद्रितशोधक_रत्नागिरी
दादा, तुकड्यावर बोट ठेवा आणि उरलेलं वाचा. क मध्ये राहतं "सिंधुदुर्ग इज ओपन टू व्हिजिटर्स". किल्ला कोणता ते तरीही कळतं. म्हणजे तुकडा जादा माहितीचा, त्याला दोन्ही अंगांना स्वल्पविराम हवा. तुमचा "आयलंड"नंतरचा राहिलाय.
ख मध्ये बोट ठेवलंत तर "गेस्ट्स मस्ट पे हाफ इन ॲडव्हान्स" उरतं. व्याकरण ठीक, पण आता ऑक्टोबरच्या पाहुण्यालाही अर्धे पैसे आधी भरावे लागणार! तो तुकडा पाहुणे कोणते हे ठरवतो, तिथे एकही नको. दोन्हीकडे घातलेत तर सगळेच पाहुणे मे महिन्याचे, असा अर्थ होईल.
ग फसवं आहे. दोन स्वल्पविराम दिसतात म्हणून बरोबर वाटतं, पण अलीकडे-पलीकडे दोन पुरी वाक्यं आहेत. "काम"नंतर पूर्णविराम किंवा अर्धविराम द्या, "हाउएव्हर"नंतर स्वल्पविराम. एकाच वाक्यात असेल तर मात्र दोन्हीकडे: "द बोट, हाउएव्हर, इज नॉट रनिंग."

जो_तो
ख मधली चूक थेट मराठीतून येते. "जे पाहुणे मेसाठी बुकिंग करतात, त्यांनी अर्धे पैसे आधी द्यावेत." जो-तो जोडीत पहिलं वाक्य संपलं की आपण स्वल्पविराम देतो, आणि मराठीत तो बरोबरच आहे. इंग्रजीत त्या "त्यांनी"ला जागाच नाही. "गेस्ट्स" हा कर्ता सरळ "मस्ट पे"ला जाऊन भिडतो. मधे एकटा स्वल्पविराम टाकला की दोघांची ताटातूट. तिथे श्वास घ्यावासा वाटतो म्हणून हात जातो, पण श्वासावर विसंबू नका.
नावांनाही हेच लागू. "थिबा, द लास्ट किंग ऑफ बर्मा, डाइड इन रत्नागिरी इन १९१६" यात दोन, कारण थिबा म्हटल्यावर माणूस ठरला. "द बर्मीज किंग थिबा डाइड इन रत्नागिरी" यात एकही नाही. ब्रह्मदेशाचे राजे पुष्कळ, त्यातला कोणता ते नावाने कळतं.

खाडीकाठ, मालवण
आणि "अवर हाउस इन मालवण, महाराष्ट्र इज…" हे चालेल? खाडीकडच्या खोलीला "दॅट" लावू की "व्हिच"?

मुद्रितशोधक_रत्नागिरी
"महाराष्ट्र"नंतरही हवा. हा दुसरा तर छापील जाहिरातींतसुद्धा हमखास गळतो. तारखेत "मे १०, २०२६," असं अमेरिकन वळण घेतलंत तर सालानंतर पुन्हा तीच कटकट. "१० मे २०२६" लिहा, प्रश्न मिटला.
खोल्या अनेक असतील तर "द रूम दॅट फेसेस द क्रीक", स्वल्पविराम नाही. एकच खोली असेल तर "द रूम, व्हिच फेसेस द क्रीक, हॅज टू बेड्स".

जो_तो
थाळीची ओळ लिहिताना एक बघा. "द थाळी, सुरमई, तिसऱ्या अँड सोलकढी, इज सर्व्ह्ड ॲट वन" यात तुकड्याच्या पोटातच स्वल्पविराम आहे, त्यामुळे थाळी कुठे संपली आणि सुरमई कुठे सुरू झाली ते परक्याला कळत नाही. अशा वेळी बाहेरच्या दोन स्वल्पविरामांऐवजी लांब रेघा द्या: "द थाळी — सुरमई, तिसऱ्या अँड सोलकढी — इज सर्व्ह्ड ॲट वन." रेघही दोन्हीकडे हवी, बरं का.